मदत चांगल्या स्थितीत मिळाली

वाल्मीक बोरस्त्यांनी आभारपत्र लिहायला घेतलं तेव्हा ते पत्रच होतं. याबद्दल त्यांच्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. शंका आली ती इतरांना, आणि तीही पत्र इंदिरानगरच्या मोगरा सोसायटीच्या ग्रुपवर पडल्यानंतर पाऊण तासाने.

बोरस्ते सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर. नट, बोल्ट, बेअरिंग आणि ग्रीसचे डबे यांच्या सहवासात आयुष्य गेलेलं. माल आला की मोजायचा, तपासायचा, कार्डावर चढवायचा आणि खाली लिहायचं, 'माल चांगल्या स्थितीत मिळाला.' याहून लांब काही लिहायची त्यांच्यावर कधी वेळ आली नव्हती. लग्न ठरल्यावर ललिताबाईंनी त्यांना चार पानी पत्र पाठवलं होतं. त्याला बोरस्त्यांचं उत्तर आलं, 'आपले पत्र मिळाले. मजकूर समजला.' ललिताबाईंनी ते आईला दाखवलं. आई म्हणाली, माणूस सरळ दिसतोय.

फेब्रुवारीच्या सोळा तारखेला हा सरळ माणूस माळ्यावरची परात काढायला स्टुलावर चढला आणि स्टुलासकट आडवा झाला. उजव्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. शुद्धीवर आल्या आल्या बोरस्त्यांनी डॉक्टरांना विचारलं, "कुठल्या ग्रेडचं स्टील आहे?" पुढचे सात आठवडे अंथरुणात गेले. या सात आठवड्यांत शेजारपाजारच्यांनी जे जे केलं ते बोरस्ते छताकडे बघत मनात नोंदवत राहिले. एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी ते काठी टेकत पहिल्यांदा खाली जाऊन आले, आणि दार उघडतानाच म्हणाले, "ललिता, लोकांचे आभार मानायला पाहिजेत. लेखी."

"मी मानलेत की सगळ्यांचे. तोंडी."

"तोंडीला पुरावा नसतो."

पुरावा राहावा म्हणून त्यांनी कपाटातून मालाची जुनी कार्डं काढली. कारखान्यात नवी कार्डं आल्यावर ही बाद झाली होती. मागची बाजू कोरी, म्हणून टाकून देणं बोरस्त्यांच्या जिवावर आलं आणि त्यांनी साहेबांना विचारून गठ्ठाच घरी आणला होता. कार्ड चार बोटं रुंद. तीन-चार शब्द झाले की काठ यायचा, की बोरस्ते खालच्या ओळीवर यायचे. अशी पाच कार्डं त्यांनी खिळे ठोकावेत तशा अक्षरात भरली.

मोबाइलवर लिहिणं मात्र त्यांना जमत नसे. त्यांचा अंगठा एका वेळी तीन अक्षरांवर पडे. म्हणून ते काम ललिताबाईंकडे आलं.

"जसं आहे तसं उतरव," बोरस्ते म्हणाले. "माझी ओळ जिथं संपते तिथं तुझी संपली पाहिजे."

"अहो, मोबाइलवर ओळ आपोआप संपते."

"आपोआप कशी संपेल? नक्कल म्हणजे नक्कल."

कुठले वाद घालायचे आणि कुठले सोडून द्यायचे हे ललिताबाईंना बत्तीस वर्षांत चांगलं कळलं होतं. त्यांनी एकेक ओळ इमानाने उतरवली. शेवटी पाचही कार्डं उलटसुलट करून पाहिली.

"एवढंच ना?"

"एवढंच."

"कुणी राहिलं नाही?"

"कुणी नाही. मी दोनदा ताळा केलाय."

"बरं," ललिताबाई म्हणाल्या. त्यांनी मजकूर ग्रुपवर पाठवून दिला, स्वयंपाकघरात गेल्या आणि कुकरचं झाकण जरा जोरात बसवलं.

ग्रुपवर पडलेला मजकूर असा होता:

दिनांक सोळा रोजी मी
स्टुलावरून पडलो.
यादव रिक्षावाले व
केरू वॉचमन यांनी
प्लास्टिकच्या खुर्चीत घालून
तीन मजले खाली
उतरवले. खुर्चीचा एक
पाय वाकला. तो
माझ्यामुळे.
कुसाबाई भाजीवाल्या
रोज पालक देत.
पालक नको म्हटले तर
शेवगा देत.
पहिल्या मजल्यावरील हर्षल
यांनी आजोबांची
कमोडची खुर्ची दिली.
आजोबा आता नाहीत.
खुर्ची परत केली आहे,
धुऊन.
जे वर येऊन भेटले ते,
व ज्यांना यायचे होते
पण जिना चढवत नाही ते,
दोघांचेही आभार.
वरील सर्व मदत
चांगल्या स्थितीत
मिळाली.

आता झालं होतं असं, की त्याच सकाळी आठ वाजता गोटीराम खैरनारांनी ग्रुपवर एक सूचना टाकली होती. खैरनार वीज खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे सटाण्याकडचे, आणि सोसायटीच्या काव्यमंडळाचे संस्थापक, अध्यक्ष व बहुतेक वेळा एकमेव सभासद. पुढच्या रविवारी सोसायटीचा वर्धापनदिन होता. त्यानिमित्त काव्यस्पर्धा. विषय, कृतज्ञता. कविता आज दुपारी बारापर्यंत ग्रुपवर टाकाव्यात. बोरस्त्यांनी ही सूचना वाचली नव्हती. ग्रुपवर रोज सकाळी फुलांची चित्रं येतात म्हणून त्यांनी त्याचा आवाज बंद करून ठेवला होता. त्यांचं आभारपत्र पोचलं ते सव्वाअकराला, आणि नेमकं खैरनारांच्या स्वतःच्या कवितेखाली. खैरनारांच्या कवितेची सुरुवात होती, 'उपकारांची फेड करू मी कशी, तुमची माया गोदामाईजशी.'

बारा वाजता परीक्षक प्रतिभा गायधनी मॅडमचा संदेश आला. मॅडम कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि नुकत्याच दुसऱ्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. त्यांनी लिहिलं होतं, 'बोरस्ते यांनी "धुऊन" हा एकच शब्द एका ओळीवर ठेवला आहे. फार दिवसांनी असं धाडस पाहिलं. पहिला क्रमांक त्यांचाच.' त्याखाली हात जोडलेली अकरा चित्रं आणि शेवटी उज्वला नावाच्या शेजारणीचं एक वाक्य, 'काका, तुम्ही कविता करता हे माहीतच नव्हतं.'

ललिताबाईंनी हे वाचून दाखवलं तेव्हा बोरस्ते जेवत होते.

"कसलं धाडस? कार्ड संपलं होतं."

त्यांनी तातडीने खैरनारांना फोन लावायला सांगितला. "खैरनार, ते माझं आभारपत्र आहे. स्पर्धेत धरू नका."

"मी तेच म्हणतोय मघापासून," खैरनार मनापासून आनंदले. "त्याला यमक नाही, वृत्त नाही, कमोड आहे. पण मॅडम ऐकत नाहीत. त्या म्हणतात, स्वतःच्या कवितेला कविता न म्हणणं हे चांगलं लक्षण आहे. आता तुम्हीच जा."

संध्याकाळी बोरस्ते काठी घेऊन एक मजला उतरले. पाचही कार्डं पुरावा म्हणून खिशात होती. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, पायाखाली स्टूल दिलं. स्टूल पाहून बोरस्ते जरा सावरून बसले.

"मॅडम, मी शिकलेला माणूस नाही. पण गद्य कुठलं आणि कविता कुठली एवढं मला कळतं. गद्यात कागद संपला की ओळ संपते."

"आणि कवितेत?"

"कवितेत माणसाला वाटेल तिथं संपते. माझा कागद संपला होता. हे बघा."

मॅडमनी कार्डं हातात घेऊन बराच वेळ पाहिली. "'तो' इथं ओळ तोडलीत आणि 'माझ्यामुळे' खाली एकटं ठेवलंत. इथं तर कागद शिल्लक आहे."

"तिथं भोक आहे. दोरा ओवायचं."

मॅडम हसल्या. "बोरस्ते, भोक सगळ्यांच्याच कार्डाला असतं. आणि एक सांगू? तुमच्या कवितेतली मला सगळ्यात भिडलेली गोष्ट या कार्डांवर कुठेच नाही."

"कुठली?"

"तुम्ही रिक्षावाल्याचं नाव घेतलंत, वॉचमनचं घेतलंत, भाजीवालीचं घेतलंत. जी सात आठवडे तुमच्या उशाशी होती तिचं घेतलं नाहीत. एका शब्दाने नाही. जिचे आभार शब्दांत मानता येत नाहीत तिच्यासाठी तुम्ही जागा रिकामी सोडलीत. गद्यात जे लिहिलं नाही ते राहून गेलेलं असतं. कवितेत तेच बोलत असतं. म्हणून म्हणते, ही कविता आहे."

बोरस्त्यांनी पाचही कार्डं परत घेतली आणि उलटून पाहिली. दोनदा ताळा केला होता. कुणी राहिलं नाही असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, आणि तेही तिलाच. कुकरचं झाकण त्यांना आत्ता ऐकू आलं.

"काय झालं? पाय दुखतोय का?" मॅडमनी विचारलं.

"दुखतोय," बोरस्ते म्हणाले आणि उठले.

वर आले तर दारातच ललिताबाई मोबाइल कानाला लावून उभ्या. पुण्याहून मुलीचा, दीपमालाचा, फोन होता. मॅडमनी आपलं म्हणणं बोरस्ते खाली पोचायच्या आधीच ग्रुपवरही लिहिलं होतं, उज्वलाने ते दीपमालाला पाठवलं होतं, आणि दीपमाला रडत होती. "आई, पप्पांनी तुझ्यासाठी जागा रिकामी ठेवली गं." ललिताबाई "हो ना" म्हणत होत्या आणि पदराने डोळ्यांच्या कडा टिपत होत्या.

रात्रीच्या ताटात पालक नव्हता. शिरा होता, वर काजू होते. बोरस्त्यांनी मोठा घास घेतला तेव्हा ललिताबाईंनी विचारलं, "मॅडम म्हणतात ते खरं का हो? माझी जागा मुद्दाम सोडली?"

"हं," बोरस्ते म्हणाले.

खोट्या नोंदीवर त्यांनी सही केली ती आयुष्यात पहिल्यांदा, आणि तीही शिरा खाताना.

सोमवारी ते कामावर हजर झाले. आभारपत्र त्यांच्याआधी सातपूरला पोचलं होतं. दुपारी त्यांनी एका पुरवठादाराच्या मालावर नेहमीसारखा शेरा मारला, 'दहाचे बोल्ट आले. बाराचे हवे होते. परत पाठवीत आहे.' खरेदी विभागातल्या तरुण साहेबांनी तो कागद हातात धरला, दोनदा वाचला आणि हळू आवाजात म्हणाले, "आयुष्य असंच आहे, बोरस्ते."

"नाही साहेब. फक्त हा माल असा आहे. बाकीचा बरोबर आलाय."

साहेबांनी कागदाचा फोटो काढून घेतला. बोल्ट चार दिवस तिथेच पडून राहिले, कारण परत पाठवायचा शेरा मारलेला मूळ कागद कुणीतरी नोटीस बोर्डावर लावला होता.

मंगळवारी सकाळी सोसायटीच्या दारात यादवने रिक्षा थांबवली आणि पैसे घ्यायला नकार देऊन बोरस्त्यांना सातपूरला सोडलं. "साहेब, तेवीस वर्षं रिक्षा चालवतो. लोक नंबर लिहून घेतात, तक्रार करायला. नाव कुणी लिहिलं नव्हतं." केरू वॉचमनने वाकलेल्या पायाची खुर्ची गेटजवळ भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तिच्यावर तो कुणाला बसू देत नव्हता. मखमलाबादहून भाजी घेऊन येणाऱ्या कुसाबाईंनी टोपली खाली ठेवून बोरस्त्यांना हाक मारली. "भाऊ, मला काय कविता बिविता कळत नाय. पण माझ्या पालकाचं नाव घेतलंत, लय बरं वाटलं. उद्यापासून मेथी बी देते."

बोरस्त्यांना वाटलं, पत्राचं काम तर झालं. ज्यांना पोचायचं त्यांना पोचलं. एक जागा सोडून.

आणि त्या एका जागेने घरात नुसती दिवाळी मांडली होती. ललिताबाई गुणगुणत होत्या. भजनी मंडळातल्या बायका त्यांना पहिल्या रांगेत बसवत होत्या. कुणी म्हणे, "आमच्या ह्यांनी नाव लिहिलं तरी पुरे, आणि तुमच्या ह्यांनी न लिहून जिंकलं." रोज ताटात काहीतरी गोड असे आणि रोज बोरस्ते ते पाण्याबरोबर गिळत.

बुधवारी त्यांनी सांगायचं ठरवलं. "ललिता, त्या जागेबद्दल जरा..."

"अहो, रविवारी मी कुठली साडी नेसू? दीपमालाने घेतलेली की जांभळी?"

"जांभळी," बोरस्ते म्हणाले.

गुरुवारी पुन्हा प्रयत्न केला. त्या दिवशी बासुंदी होती. शुक्रवारी त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

शनिवारी संध्याकाळी खैरनार वर आले. ललिताबाई खाली गेल्या होत्या. खैरनारांनी दार लोटून घेतलं आणि चिडल्यावर जसे ते घरच्या बोलीवर जायचे तसे गेले. "बोरस्ते, खरं सांगा. हाई कविता शे का?"

"नाही."

"मला माहीत होतं." खैरनार खाली बसले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "चार वर्षं झाली, बोरस्ते, मी सकाळी पाचला उठून यमकं जुळवतो. 'कृतज्ञता'ला काय जुळतं हे शोधण्यात माझा महिना गेला. आणि तुम्ही खुर्ची धुतली आणि जिंकलात. उद्या स्टेजवर सांगा, हे गद्य आहे म्हणून."

"सांगणार आहे. पण तुमच्यासाठी नाही."

"कुणासाठी का असेना," खैरनार म्हणाले. "सांगा म्हणजे झालं."

रविवारी पाच वाजता पार्किंगमधल्या गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या. सत्तर-ऐंशी माणसं होती. यादवने रिक्षा गेटबाहेर लावली होती, केरूने इस्त्रीचा शर्ट घातला होता, कुसाबाई रिकामी टोपली घेऊन शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. पहिल्या रांगेत जांभळ्या साडीत ललिताबाई, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना अख्खं भजनी मंडळ. मॅडमनी रिकाम्या जागेबद्दल पाच मिनिटं इतकं सुरेख सांगितलं, की बोरस्त्यांनाही क्षणभर वाटलं, आपण खरंच मुद्दाम सोडली असेल. मग त्यांचं नाव पुकारलं गेलं. टाळ्यांत ते काठी टेकत माइकपाशी आले, कार्डं काढली आणि शेवटपर्यंत एका सुरात वाचली. टाळ्या थांबेपर्यंत ते तिथेच उभे राहिले.

"यात दोन चुका आहेत," ते म्हणाले. "एक, हे गद्य आहे. कार्ड चार बोटं रुंद होतं म्हणून ते असं दिसतं. रुंद कागदावर लिहिलं असतं तर तुम्ही नुसतं वाचून सोडून दिलं असतं."

लोक हसले. खैरनार हसले नाहीत, ते पुढे सरकून बसले.

"दुसरी चूक मोठी आहे. त्यात जागा मुद्दाम रिकामी सोडलेली नाही. मी विसरलो."

भजनी मंडळाने एकदमच ललिताबाईंकडे पाहिलं. ललिताबाई समोर बघत होत्या.

"दरवर्षी मार्चअखेर आम्ही स्टोअरची मोजणी करतो. शेवटच्या वॉशरपर्यंत मोजतो. ज्या टेबलावर बसून मोजतो ते टेबल मात्र दरवर्षी राहतं."

मागून कुणीतरी "वा" म्हणालं.

"वा म्हणू नका," बोरस्ते म्हणाले. "हेही गद्यच आहे. तर राहिलेली नोंद अशी, की सोळा फेब्रुवारीपासून आजतागायत माझी पत्नी सौ. ललिता हिने मला रोज सकाळी कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली, भांडं दिलं आणि नेलं, माझी दाढी केली, त्यात दोनदा कापलं आणि दोन्ही वेळा मीच हललो असं सांगितलं, डॉक्टरांनी दिलेला व्यायाम मोजून करून घेतला, मी उगाच चिडलो तेव्हा ऐकून घेतलं, मला भेटायला आलेल्या प्रत्येकाला चहा केला, म्हणजे तुम्ही सगळ्यांनी जी विचारपूस केली तिचा चहासुद्धा तिनेच केला, आणि यातलं काहीच मी लिहिलं नाही, कारण मदत म्हणजे बाहेरून येते ती, अशी माझी समजूत होती. ती समजूत चुकीची होती. आणि मागच्या रविवारी तिने विचारलं तेव्हा मी 'हं' म्हणालो, तेही चुकीचं होतं. दोन्हीबद्दल माफी मागतो. आणि आभार मानतो."

कार्डं खिशात घालत ते म्हणाले, "बस, एवढंच," आणि खाली उतरायला लागले. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळेना. कुसाबाईंनी नाक ओढलं ते मात्र सगळ्यांना ऐकू आलं.

खैरनार उठून माइकपाशी गेले. त्यांचा दिवस होता तो. "बोरस्ते यांनी स्वतः कबूल केल्याप्रमाणे त्यांची प्रवेशिका गद्य असल्याने बाद करण्यात येत आहे," ते मोठ्याने म्हणाले. "त्यामुळे प्रथम क्रमांक..." इथे त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी मान हलवली. "प्रथम क्रमांक मला जातो."

त्यांनी स्वतःच टेबलावरची शाल उचलली, स्वतःच्या खांद्यावर घातली, आणि तसेच उभे राहिले. "चार वर्षं," ते म्हणाले, "मी दरवर्षी एका कवितेत माझ्या मिसेसचे, नवसाबाईंचे आभार मानले. दरवर्षी बक्षीस घेतलं. ती एकदाही खाली ऐकायला आली नाही. आजही वर टीव्ही बघत बसलीय." त्यांनी शाल काढून घडी केली. "मी जरा जाऊन गद्यात सांगून बघतो."

आणि शाल काखेत मारून ते खरंच जिन्याकडे गेले. तेव्हा मात्र लोकांनी टाळ्या वाजवल्या. उज्वलाने मॅडमना विचारलं, "मॅडम, मग शेवटी गद्य आणि कविता यात फरक काय धरायचा?" मॅडम चष्मा पुसत होत्या. "आज नको विचारूस. आधी चहा आण," त्या म्हणाल्या.

चहा झाला, खुर्च्या उचलल्या गेल्या. सोसायटीला लिफ्ट नाही. बोरस्ते काठी टेकत एकेक पायरी चढायला लागले, ललिताबाई मागे. दुसऱ्या मजल्यावर खैरनारांचं दार बंद होतं आणि आत टीव्हीचा आवाज नव्हता. तिथे बोरस्ते दम खायला थांबले.

"रागावलीस?"

"मला माहीत होतं."

"काय?"

"विसरलात ते. पाचही कार्डं मीच उतरवली ना? तेव्हाच दिसलं. म्हणून तर दोनदा विचारलं."

"मग मी 'हं' म्हणालो तेव्हा?"

"शिरा खाताना तुम्ही कशालाही 'हं' म्हणता."

बोरस्त्यांनी जिन्याचा कठडा धरला. "मग ती बासुंदी? ते गाणं?"

"आठ दिवस सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या," ललिताबाई म्हणाल्या. "दीपमाला रडली. खोटं होतं हे मला माहीत होतं, पण छान होतं. म्हटलं, रविवारपर्यंत राहू दे. तुम्हाला रविवारपुढे पेलणार नाही हेही माहीत होतं."

बोरस्ते पुढच्या पायरीवर काठी टेकणार तोच ललिताबाई म्हणाल्या, "माझीही एक नोंद राहिलीय."

"कसली?"

"तुम्ही अंथरुणात होतात तेव्हा रोज दुपारी तीन वाजता झोपायचात. चांगले घोरायचात. मग मी उज्वलाला लक्ष ठेवायला सांगून भजनाला जायचे. पाचला परत यायचे तेव्हा तुम्ही जागे व्हायचात."

"हो. मग?"

"बत्तीस वर्षं तुमचं घोरणं ऐकतेय मी. खरं घोरणं घाटात ट्रक चढावा तसं चढत जातं आणि वर गेलं की अडकतं. ते दुपारचं एका पट्टीत होतं." ललिताबाईंनी पदर सावरला. "दुपारी पाय जास्त दुखायचा ना?"

"थोडा."

"उज्वलाने एकदा डोकावून पाहिलं होतं. मी गेल्यावर तुम्ही डोळे उघडे ठेवून छताकडे बघत पडायचात म्हणे. मी त्या दोन तासांत टाळ वाजवून माणसात यायचे. नाहीतर वेडी झाले असते. त्याचे आभार मानायचे राहिलेत माझे."

बोरस्त्यांनी काठीची मूठ शर्टाला पुसली. "लिहून द्यायचेस," ते म्हणाले.

"लिहायचं बिहायचं काही नाही. मॅडम खालीच आहेत, त्यांच्या हाती लागलं तर पुढच्या वर्षी मला स्टेजवर चढवतील. चला."

त्यांनी बोरस्त्यांच्या हातातली काठी काढून घेतली आणि आपला खांदा पुढे केला. बोरस्त्यांनी त्यावर हात ठेवला. तिसरा मजला दोघांनी तसाच चढला, बराच वेळ लावून, आणि याची नोंद बोरस्त्यांनी कुठेही केली नाही.